मशीनजवळ बांगड्या नकोत

यांच्या हाताला कंप सुटला आहे, हे मला पहिल्यांदा एका फोटोच्या चौकटीवरून कळलं.

मुलीच्या मैत्रिणीला लग्नात द्यायला म्हणून यांनी सागवानाची चौकट केली होती. यांनी केलेल्या वस्तूच्या कडेवरून बोट फिरवलं, तर ते कुठेच अडायचं नाही. त्या चौकटीवर मात्र एका जागी जळल्यासारखा काळा डाग होता आणि त्याच्या पुढे कड लाटेसारखी हलली होती.

"अहो, हे काय झालं?" मी विचारलं.

"लाकूड वाईट निघालं."

पण उभ्या आयुष्यात या माणसाने लाकडाला नाव ठेवलेलं मी ऐकलं नव्हतं. मशीन वाईट, हत्यार बोथट, करणारा धांदरट, असं ते म्हणायचे. लाकूड वाईट, असं कधीच नाही.

हे विशीत अकोल्याकडून पुण्यात आले आणि खडकीच्या कारखान्यात लागले. लाकडी पेट्या बनवायच्या विभागात त्यांची सगळी नोकरी गेली. मी शाळेत शिकवत होते. आमचा संसार क्वार्टरमध्येच झाला, मुलगी तिथेच वाढली. हे निवृत्त झाल्यावर आम्ही बोपोडीला तळमजल्यावर फ्लॅट घेतला, आणि तोही एवढ्यासाठीच की मागे थोडी मोकळी जागा होती. तिथे यांनी पत्र्याची शेड उभी केली. मुलगी तोवर हिंजवडीला सॉफ्टवेअरमध्ये लागली होती. तिने पप्पांना राउटर मागवून दिला.

राउटर म्हणजे लाकडाच्या कडा कोरायचं यंत्र. त्याच्या टोकाला धारदार बिट असतं आणि ते भिंगरीसारखं गरगर फिरतं, इतकं की नुसत्या डोळ्यांनी फिरताना दिसतसुद्धा नाही. सुतार ते हातात धरून चालवतात. यांनी मात्र एक भक्कम टेबल केलं, राउटर त्याच्या खाली उलटा टांगला, आणि टेबलाला पाडलेल्या भोकातून बिट तेवढं वर डोकावेल असं केलं. मशीन जागेवर राहायचं आणि लाकूड त्याच्याकडे न्यायचं. टेबलाशेजारी भिंतीवर यांनी तळहाताएवढं लाल बटण बसवलं होतं. दाबलं की सगळं बंद.

मशीन सुरू झालं की आवाज असा व्हायचा की वरच्या मजल्यापर्यंत भांडी थरथरायची. वर एक निवृत्त गृहस्थ राहायचे. जन्म शनिवार पेठेतला, त्यामुळे तक्रारसुद्धा सरळ करायचे नाहीत. खिडकीतून वाकून विचारायचे, "आज विमान किती वाजता सुटणार आहे? म्हणजे त्याआधी मी दुपारची झोप उरकून घेतो."

हे खालून सांगायचे, "चारला. प्रवाशांनी वेळेआधी हजर राहावं."

दोघांची एवढीच मैत्री होती, पण ती रोजची होती.

चौकटीनंतर काही महिन्यांनी मुलीनेच पप्पांना डॉक्टरांकडे नेलं. मीही गेले. डॉक्टरीणबाई तरुण होत्या. त्यांनी यांना बोटं उघडझाप करायला लावली, कागदावर गोल काढायला लावले, दारापर्यंत चालून यायला सांगितलं. मग पार्किन्सन्स हा शब्द त्यांनी फार हळू उच्चारला. हळू म्हटल्याने तो लहान होणार होता थोडाच. यांनी सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "मशीनवर काम केलं तर चालेल ना?"

"कुठलं मशीन?"

यांनी सांगितलं. बाईंनी पेन खाली ठेवलं. "काका, ते आता नको."

"बरं," हे म्हणाले. आम्ही रिक्षाने परत निघालो. खडकी स्टेशनच्या जवळ आल्यावर म्हणाले, "त्यांनी माझा हात बघितला. काम नाही बघितलं."

मी तेव्हा यांच्याशी भांडायला हवं होतं का, हे मला सांगता येत नाही. मला दिसत होतं की गोळी घेतल्यावर काही वेळ हात शांत राहतो, आणि तेवढ्या वेळात हा माणूस पुन्हा पहिल्यासारखा होतो. म्हणून आम्ही दोघांनी घरातल्या घरात ठरवलं. मशीन मी घरी असेन तेव्हाच. गोळीनंतरच. बारीक तुकडे अजिबात नाहीत. हे नियमांचे पक्के होते. बिट बदलायचं तर आधी प्लग भिंतीतून काढून डोळ्यांसमोर ठेवायचा, मगच हात लावायचा. चष्मा, कानांवर मफ, नाकाला मास्क. लाकडात खिळा राहिलाय का, ते आधी बघायचं. एका दमात खोल कापायचं नाही, थोडं थोडं काढायचं. मला वाटलं, इतकं सांभाळणाऱ्या माणसाला काय होणार आहे!

त्या हिवाळ्यात यांनी बुद्धमूर्तीसाठी कमान करायला घेतली. आमची मूर्ती किती वर्षं टीव्हीशेजारी शोकेसमध्येच होती, रिमोट आणि औषधांच्या डब्यांच्या सोबतीला. बुद्धपौर्णिमेपर्यंत तिला तिची जागा करायची, असं यांच्या मनात होतं. कमानीचा आकार पिंपळपानाचा, वर निमुळतं टोक. एक बिघडली तर असावी म्हणून दोन फळ्या आकाराच्या जवळपास कापून ठेवल्या होत्या.

मी मेथी निवडत होते. शेडमधला आवाज एकदम बदलला. एकसारखा चाललेला आवाज क्षणभर गुदमरला, मग धाडकन पत्र्यावर काहीतरी आदळलं. मी हातातली जुडी टाकून धावले.

रक्त नव्हतं. मी आधी तेच शोधलं, टेबलावर, जमिनीवर, यांच्या शर्टावर. कुठेच नव्हतं. हे भिंतीला टेकून उभे होते. लाल बटण दाबलेलं होतं, प्लग काढून टेबलावर ठेवलेला होता, दोन्ही हात शाबूत होते. लाकूड बिटाला लावतानाच हात हलला, बिटाने ते हिसकलं आणि भिरकावून दिलं. कमान पत्र्यावर जाऊन आपटली होती, तिचं टोक तुटून पडलं होतं आणि पत्र्याला पोचा आला होता. पकडायचे लाकडी ठोकळे वापरले होते, म्हणून बोटं वाचली.

मी यांना स्टुलावर बसवलं. पाणी दिलं. पेला दोघांनी मिळून धरला.

"मी एकही नियम मोडला नाही," हे म्हणाले. "सगळं केलं गं. सगळं बरोबर केलं."

"हो."

"हातानेच ऐकलं नाही."

आमच्या इतक्या वर्षांच्या संसारात मी यांना त्या दिवशी पहिल्यांदा रडताना पाहिलं. यांच्या वडिलांच्या अंत्ययात्रेतसुद्धा हे रडले नव्हते. मफ अजून कानांवरच होते, त्यामुळे स्वतःचा आवाज त्यांना ऐकू येत नसावा. ते मोठ्याने रडले.

त्यानंतर यांनी टेबलावर जुनी चादर टाकली आणि शेडची कडी लावली. गोळी घेतल्यावर हात शांत व्हायचा त्या वेळात ते नुसते बसून राहायचे, हाताकडे बघत. काही दिवसांनी वरचे गृहस्थ खाली आले. दारातूनच म्हणाले, "काय हो, विमानतळ बंद पडला की काय? आमची झोप उडाली शांततेने." हे हसले नाहीत. मग त्यांचं लक्ष यांच्या हाताकडे गेलं. ते आत येऊन बसले, चहा घेतला, बराच वेळ हवापाण्याचं बोलले आणि जाताना माझ्याकडे न बघता चपला घालू लागले. चपला घालायला त्यांना फार वेळ लागला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी यांना म्हटलं, "दुसरी फळी शिल्लक आहे ना? मला शिकवा."

"तुला?"

"मला."

"साठी उलटल्यावर हे काय खूळ?"

"तुम्ही साठीनंतरच घेतलंत ना मशीन?"

दोन-तीन दिवस ते नाहीच म्हणत होते. मुलीने फोनवर मला वेड्यात काढलं. "आई, प्लीज, एकाचं टेन्शन काय कमी आहे का?" म्हणाली. पण एका सकाळी हे स्वतःच शेडची कडी काढताना दिसले. मला म्हणाले, "साडी चालणार नाही. पदर, निऱ्या, काही लोंबतं नको."

मी मुलीचा जुना पंजाबी ड्रेस घातला, ओढणी घरात ठेवली, केस घट्ट बांधून रुमालात कोंबले. मंगळसूत्र काढून डब्यात ठेवलं. शेडमध्ये गेले, तर यांनी माझ्या मनगटांकडे बोट दाखवलं.

"मशीनजवळ बांगड्या नकोत."

मी जागेवरच थांबले. आमच्या घरात व्रतवैकल्यं नव्हती. आमच्या वाडवडिलांनी धम्म घेतला तेव्हाच ते सगळं मागे पडलं. तरी बांगड्या राहिल्या होत्या, सवयीने म्हणा, हौसेने म्हणा. आणि माझे वडील गेले तेव्हा, धम्म घेतलेलं घर असूनही, गावातल्या बायकांनी माझ्या आईच्या बांगड्या दगडावर फोडल्या होत्या. मी लहान होते. तो आवाज माझ्या कानांतून गेलेला नाही.

"तुम्ही असताना?" माझ्या तोंडून निघून गेलं.

हे अगदी हळू म्हणाले, "मशीनला ते कळत नाही गं. त्याला अडकेल तेवढंच कळतं."

त्यांनी मला ओट्याजवळ नेलं. वाटीत साबणाचं पाणी केलं आणि बांगड्या स्वतः काढायला लागले. मी हात पुढे करून उभी होते. त्यांचा हात थरथरत होता, म्हणून माझ्या बांगड्या एकसारख्या किणकिणत होत्या. एकही फुटू नये म्हणून ते इतके जपत होते की सगळ्या निघायला खूप वेळ लागला. निघाल्यावर त्यांनी त्या पुसून, वाटीत ओळीने रचून ठेवल्या. काम झालं की मी त्या पुन्हा चढवायचे. रोज काढायच्या, रोज चढवायच्या.

यांनी मला बरेच दिवस मशीन सुरूच करू दिलं नाही. प्लग काढलेल्या मशीनवर भंगार लाकडाचे तुकडे नुसते सरकवायला लावले. उजवीकडून डावीकडे. बिट ज्या बाजूने फिरतं त्याच्या विरुद्ध. "त्याच्याबरोबर गेलीस तर ते लाकूड ओढून घेईल आणि मागोमाग तुझा हात. नेहमी त्याच्या समोरून जायचं." बिट बसवताना आधी पूर्ण आत घालायचं, मग केसभर वर घ्यायचं आणि मग आवळायचं. लाकूड आधारपट्टी आणि बिट यांच्या मधल्या सापटीतून कधी ढकलायचं नाही. गोलाई कापताना बिटाशेजारच्या खुंटीला लाकूड आधी टेकवायचं, मग हळूच बिटाकडे वळवायचं. आणि टोकापासून सुरुवात कधीच करायची नाही.

"आणि भीती वाटली तर?" मी विचारलं.

"वाटू दे. ज्या दिवशी वाटणार नाही, त्या दिवशी मशीन सुरू करू नकोस."

मी शाळेत इतकी वर्षं शिकवलं, पण असा शांत शिक्षक मी नव्हते.

खरी अडचण मशीन सुरू केल्यावर आली. आजारामुळे यांचा आवाज बसत चालला होता. शांत खोलीतही कान द्यावा लागायचा, मग त्या गोंगाटात, तेही मफ लावल्यावर, काय ऐकू येणार? म्हणून आम्ही ठरवलं, हे माझ्या मागे उभे राहतील आणि खांद्यावर हात ठेवतील. थोपटलं की थांबायचं.

मी लाकूड पुढे नेलं. खांद्यावर थोपटल्यासारखं झालं. मी मागे घेतलं, मशीन बंद केलं, मफ काढले. "काय चुकलं?"

"काही नाही. का थांबलीस?"

"तुम्ही थोपटलंत."

ते हाताकडे बघत राहिले. "मी नाही थोपटलं," म्हणाले.

पुन्हा सुरू केलं. पुन्हा तेच. थोपटणं कुठलं आणि कंप कुठला, हे मला खांद्याने कळेना. तिसऱ्यांदा मी थांबले, तेव्हा यांनी हात आपणहून उचलला आणि खिशात घातला. मला वाटलं, आता ते आत निघून जाणार. पण ते भिंतीजवळ गेले आणि लाल बटणापाशी उभे राहिले. "मी इथे असतो. चुकलं तर बंद करीन. तू फक्त लाकडाकडे बघ."

ते दिवस चांगले होते, हे मला आता कळतं. मुलगी रविवारी यायची, दारात उभी राहून आम्हा दोघांचे फोटो काढायची. मी भुशाने पांढरी झालेली, हे भिंतीपाशी पहाऱ्यावर. भंगार तुकड्यांवर हात बसल्यावर यांनी कमानीची दुसरी फळी पिंपळपानाच्या आकाराच्या साच्यावर बसवून घेतली. साचा कसा घट्ट धरायचा ते तोंडाने सांगितलं, स्क्रू मी पिळले. डावी बाजू झाली. उजवी झाली. टोकाजवळचा थोडा भाग तेवढा राहिला.

त्या दिवशी मी टोकाकडे वळत होते. सगळं नीट चाललं होतं. बिटाचा आवाज मोकळा होता, भुसा बारीक पडत होता. आणि मशीन अचानक बंद पडलं. मी लाकूड तसंच धरून ठेवलं, बिट पूर्ण थांबेपर्यंत. मग वळून बघितलं. यांचा हात बटणावर होता आणि बटणावर तो थडथडत होता.

"काय दिसलं?" मी विचारलं.

"काही नाही."

"मग बंद का केलं?"

"मी नाही केलं," हे म्हणाले. "झालं."

त्यांनी दुसऱ्या हाताने तो हात धरला, जणू दुसऱ्या कुणाचा आहे, आणि बटणावरून उचलून खाली आणला. मी म्हटलं, "असू द्या. परत सुरू करते, त्यात काय!" त्यांनी मान हलवली. अशा जागी लाकूड बिटाला लागलेलं असताना मशीन नको तेव्हा सुरू-बंद झालं, तर काय होतं, ते त्यांना माहीत होतं. बटणापाशी उभा राहणारा माणूस भरवशाचा हवा, हा नियम त्यांचाच होता. ते हळूहळू पावलं घासत घरात गेले. शेडमध्ये पुन्हा कधी आले नाहीत.

टोक मी एकटीनेच केलं, चार दिवसांनी. यांना आतल्या खोलीत खुर्चीवर बसवून आले होते. प्लग बघितला, बिट बघितलं, चष्मा लावला, सगळं त्यांच्या क्रमाने. काम संपवून बाहेर आले, तर ते खुर्चीत ताठ बसून होते. मी जवळ जाऊन वाकले, कारण आता तसंच ऐकावं लागायचं.

"शेवटी घाई केलीस," हे म्हणाले.

"तुम्हाला कसं कळलं?"

"ऐकू आलं."

बुद्धपौर्णिमेला मुलीने कमान भिंतीवर बसवली. मूर्ती ठेवली, मेणबत्त्या लावल्या. आम्ही तिघांनी त्रिशरण-पंचशील म्हटलं. यांचे ओठ हलत होते, आवाज येत नव्हता. नंतर यांनी तळहात कमानीच्या कडेवर ठेवला आणि तळापासून टोकापर्यंत नेला. टोकाशी, जिथे मी घाई केली होती, तिथे हात थांबला. त्यांनी माझ्याकडे बघितलं. तेव्हा त्यांचा चेहरा आजाराने गोठायला लागला होता, त्यामुळे ते हसले की नाही, मला आजही सांगता येत नाही.

पुढचं सगळं फार भरभर झालं. पावसाळ्यात हे बाथरूममध्ये पडले. मग चालणं गेलं, मग गिळणं. छातीत कफ धरायला लागला. थंडी सुरू होताना एका सकाळी मी पेज भरवत होते आणि त्यांनी तोंड उघडलं नाही. मला वाटलं, नको असेल. मी म्हटलं, "अहो, एवढा एक घास घ्या." चमचा धरून मी किती वेळ तशीच बसले होते, कोण जाणे. वरच्या गृहस्थांनी माझी हाक ऐकून खाली येऊन माझ्या हातातून तो चमचा काढून घेतला.

मुलगी मला एकटीला राहू देईना. राउटर आम्ही दापोडीच्या एका सुताराला दिला. तो भला माणूस. म्हणाला, "ताई, आम्ही हातातच चालवतो, टेबल राहू द्या." टेबल तिथेच राहिलं, शेडमध्ये. फ्लॅट आता भाड्याने दिलाय. भाडेकरू टेबलावर कपड्यांना इस्त्री करतात, असं ऐकलं.

मी हिंजवडीला अकराव्या मजल्यावर राहते. सकाळी खाली कंपन्यांच्या बसेसची रांग लागलेली दिसते, मुलगी त्यातल्या एका बसने जाते. घर नवं आहे, सगळं छान आहे. स्वयंपाकघरातला चमच्यांचा एक ड्रॉवर तेवढा अडकतो. फळी फुगली आहे, कडेला घासते. रोज सकाळी हिसका दिल्याशिवाय उघडत नाही आणि उघडताना किंचाळतो.

"आई, ॲपवरून माणूस बोलवू का?" मुलगी विचारते. "पाच मिनिटांचं काम आहे."

"राहू दे," मी म्हणते.

मला माहीत आहे काय करायचं ते. कड थोडी उतरवायची, एवढंच. पण किती उतरवायची, हे ज्यांना विचारून मी हात चालवला असता, ते नाहीत. मग मी ड्रॉवर दोन्ही हातांनी धरते, जोर लावून ओढते आणि चहाचा चमचा काढून घेते.